रक्त कोणाकडचं

सुनंदा,

तू गेल्यावर परवा तुझं पुण्यानुमोदन झालं. वंदना आटोपली, पंगती बसायच्या होत्या, आणि मंडपाच्या कडेला टेकलेल्या बायांचं हळू आवाजात तेच सुरू झालं. आधी हिचा भाऊ, मग पोरगा, आता ही स्वतः. माहेरचं रक्तच कच्चं होतं. मी भाताची परात घेऊन त्यांच्या मागेच उभी होते. तू असतीस तर शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली असतीस, "माझं कच्चं तर कच्चं. तुमचं पक्कं हाये ना, मंग दान करा." तुला असं बोलता यायचं. मला येत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे तोंड उघडण्याआधी मला वाक्य तपासावं लागतं. खरं आहे का, किती खरं आहे. तोवर समोरचा माणूस उठून गेलेला असतो.

माय तिथंच खुर्चीवर होती. आपली सासू. तिनंही ऐकलं.

नव्याण्णव सालच्या उन्हाळ्यात तू धाकटी जाऊ म्हणून या घरात आलीस. कुडव्याच्या या घराला तेव्हा वरची खोलीसुद्धा नव्हती. तुझं गाव अर्जुनीकडचं, तलावाच्या काठावरचं. तुझा लहान भाऊ तापात झटके येऊन गेला, हे तू मला महिन्याभरातच सांगितलंस, भाजी निवडता निवडता, जसा कोणी आपल्या गावच्या बाजाराचा वार सांगावा तसं. मेंदूत ताप गेला म्हणे, मच्छरामुळे होते म्हणे, एवढंच तुला माहीत होतं. मायनं ते स्वयंपाकघरातून ऐकलं. तेव्हा तिनं हळहळ केली. पुढं किती वर्षांनी ते तिला पुन्हा आठवलं, आणि कसं आठवलं, ते तुला ठाऊकच आहे.

माझी नोकरी तुझ्या जिवावर झाली, हे मी तुला कधी सांगितलं का? मला वाटतं, नाही. प्रज्ञा सहा महिन्यांची होती तेव्हा मी शाळेत परत जायला लागले. तिच्या तोंडात पहिला वरणभात तूच घातलास. ती चालायला लागली तीही तुझ्या मशीनचा पाय धरून. दुसऱ्या वर्षी सम्यक झाला, तर दोघं एकाच ताटात जेवायची. मी दुपारी घरी येऊन बघायची, तर तुझ्या एका मांडीवर माझी पोर आणि दुसऱ्या मांडीवर तुझा पोर, आणि तू मध्ये कुणाच्या तरी ब्लाऊजला हूक लावत बसलेली. मला त्याची इतकी सवय झाली होती, की त्यात कोणी काही देतंय हेच दिसेनासं झालं होतं.

चिकुनगुनिया आला त्या वर्षी आख्खं कुडवा वाकून चालत होतं. राईस मिलमध्ये पोती उचलायला माणूस मिळेना. विनोद, तुझा नवरा, मिलचं मशीन चालवायचा, तो खाटेवर. प्रज्ञाच्या बाबांना रेल्वेचा पूल चढवेना. पोरं चार दिवस तापली आणि उड्या मारायला लागली. मीही थोड्या दिवसांत सरळ झाले. तुझी बोटं मात्र दिवाळी उलटून गेली तरी वळेनात. सुईत दोरा ओवायला तू प्रज्ञाला जवळ बसवायचीस. आणि माय, तेव्हा साठीची, तिला साधी कणकणही आली नाही. सगळ्यांचा भात तीच रांधत होती आणि आपलं जुन्या काळचं खाणं-पिणं कसं होतं ते ऐकवत होती.

तेव्हा तू मला पहिल्यांदा विचारलंस. "ताई, मच्छर तर घरात सगळ्याइलेच चावला. मंग मायले काऊन नाई झालं? अन् माझंच काऊन सरून नाई राहिलं?"

मी तुला वर्गात सांगते तसं सांगितलं. आपल्या पेशींवर जणू हात असतात. आत विषाणू शिरला की त्याचा तुकडा ते हात बाहेर धरून दाखवतात, म्हणजे शरीरातल्या फौजेला कळतं की इथं शत्रू आहे. हे हात घडवणारी जी जनुकं असतात ती माणसागणिक वेगळी. कोणाच्या हातात एखादा तुकडा नीट बसतो, कोणाच्या निसटतो. कोणाची फौज वेळेवर येते, कोणाची उशिरा, आणि कोणाची येते ती अशी चवताळून येते की शत्रूसोबत घरही मोडते. त्यातलं अर्धं आईकडून मिळतं, अर्धं बापाकडून.

तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "म्हणजे मापाचा खेळ हाये. एकाच मापाचा ब्लाऊज सगळ्याइले नाई बसत."

मी हसून म्हटलं, "तसंच काहीसं." एवढ्यावर ते संपलं असतं तर बरं झालं असतं.

सम्यक नऊ वर्षांचा होता. पोळा होऊन गेला होता. उन्हाळ्यात लावलेला कूलर वरच्या खोलीच्या खिडकीत तसाच होता आणि त्याच खोलीत पोरं शाळेतून आल्यावर अभ्यासाला बसायची. दोघांना एकाच आठवड्यात ताप आला. रक्त तपासलं तर दोघांनाही डेंगू. दोघांच्या कपाळावर एकाच बादलीतल्या पाण्याच्या पट्ट्या आपण ठेवल्या. मग एका सकाळी दोघांचाही ताप उतरला. प्रज्ञाच्या अंगावर लाल पुरळ उमटलं, ती उठून बसली आणि तिनं खिचडी मागितली. सम्यकही म्हणाला, मला पण. आपण दोघी एकमेकींकडे पाहून हसलो. तू गॅसवर कुकर चढवलास.

दुपारी त्याचं पोट दुखायला लागलं. हातपाय गार पडले. तो पाणी पाणी करत नुसता कूस बदलत होता. डेंगूत ताप उतरतो तिथंच खरा धोका सुरू होतो, रक्तवाहिन्या झिरपायला लागतात, हे त्या दिवसानंतर आपल्याला कायमचं पाठ झालं. गोंदियाच्या दवाखान्यातून नागपूरला पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. तू त्याचा पाय हातात धरून बसली होतीस आणि नर्सला सांगत होतीस, "गरम होऊन राहिला, पाहा ना, आता गरम होऊन राहिला." तो तुझ्याच हाताचा गरमपणा होता.

त्या वॉर्डातल्या तरुण डॉक्टर मॅडम चांगल्या होत्या. तुला आणि विनोदला बाजूला बसवून त्या म्हणाल्या, "काही मुलांचं शरीर या विषाणूला गरजेपेक्षा जोरात उत्तर देतं. आधी एकदा डेंगू होऊन गेला असेल तर धोका वाढतो, आणि थोडा भाग आनुवंशिक असतो. तुमचं काही चुकलेलं नाही." त्यांना तुला धीर द्यायचा होता. माय दारात उभी होती. परत येताना गाडीत तिनं मला विचारलं, "आनुवंशिक म्हणजे रक्तातून ना?" मी म्हटलं, "हो, पण दोन्हीकडून. अर्धं आईचं, अर्धं बापाचं." तिनं मान हलवली आणि खिडकीतून बाहेर बघत राहिली.

महिना झाला नसेल, आणि तुझा भाऊ तिला आठवला. "आमच्या घरात असं मरण कधी झालं नाई. हे तिकडूनच आलं." ती हे रागानं म्हणत नव्हती, सुनंदा. ती ते शांतपणे म्हणायची, आल्यागेल्याला समजावून सांगितल्यासारखं. म्हणून ते जास्त लागायचं. मी दोन-तीनदा तिला अडवलं. तिनं उलट मलाच विचारलं, "डॉक्टरीण खोटी बोलली का मंग?" खोटी बोलली नव्हती. हीच तर अडचण होती.

तू मात्र कोणाशी भांडली नाहीस. तू रस्त्यावर उतरलीस. गल्लीतल्या घराघरांत जाऊन कूलर, टाक्या, फुटके माठ, टायर उलटे करायला लागलीस. लोक म्हणाले, पोराच्या दुःखानं डोकं फिरलं. कोणी हिंदीत ओरडलं, "अरे बाई, हमारा पानी काहे को फेंकती हो," तर तू त्याच्यासमोर दुसरी बादली ओतलीस. मला तुझा अभिमान वाटायचा. मी म्हटलंसुद्धा, "हेच खरं काम आहे. जनुकं कोणाला बदलता येत नाहीत, पाणी बदलता येतं."

तू म्हणालीस, "पाणी मी रोज ओतून देईन ताई. पण पाणी तर प्रज्ञाले बी तेच होतं."



मग त्याच मॅडमचा फोन आला. ज्या घरांत डेंगू जिवावर बेतला त्या घरांतल्या आईबापांचं रक्त त्या गोळा करत होत्या. सम्यकचा नमुना त्यांच्याकडे होताच. तू लगेच हो म्हणालीस. विनोदही तयार होता, आदल्या दिवसापर्यंत. पण माय म्हणाली, "आमच्यात काय पाहाचं हाये? जिच्याकडून आलं तिचं घ्या." विनोद सकाळी गपचूप मिलमध्ये निघून गेला. वाईट माणूस नाही तो, आईपुढं त्याचे पाय उचलत नाहीत एवढंच. शेवटी तू आणि मी दोघीच रेल्वेनं नागपूरला गेलो.

सुई टोचून झाल्यावर तू मॅडमना सरळ विचारलंस, "माझ्याकडून आलं का नाई, ते कधी सांगाल?"

मॅडम खुर्ची ओढून तुझ्यासमोर बसल्या. "ताई, एका माणसाचं सांगता येत नाही. शेकडो घरांचं रक्त जमलं तर काही बदल अशा मुलांत जास्त दिसतात का, एवढं कळेल. तेही जास्त-कमी, हो-नाही नव्हे. आणि वडिलांचं नसेल तर पोराचं कोणतं अर्धं कोणाकडून आलं ते नीट लावताही येत नाही." पुढं त्या म्हणाल्या, "जो बदल इथं दगा देतो तोच दुसऱ्या एखाद्या आजारात वाचवतही असेल. म्हणून तर तो इतक्या पिढ्या टिकतो. त्याला वाईट रक्त म्हणत नाहीत."

बाहेर कडुनिंबाखाली आपण चहा घेतला. तू कप दोन्ही हातांत धरून म्हणालीस, "म्हणजे दोष माझा हाये असं बी नाई, अन् नाई असं बी नाई." मी म्हटलं, "दोष हा शब्दच नाही त्यात." तू म्हणालीस, "तुमच्या पुस्तकात नसंल. आमच्या घरात हाये."

विनोदला अजून एक मूल हवं होतं. तू नाही म्हणायचीस. "माझ्यातलं अर्धं मले पुन्हा कोणाले द्याचं नाई." यावरून आपण किती भांडलो. मी म्हणायची, त्या अर्ध्यात तुझी नजर आहे, तुझा हात आहे, तू एकदा बघून माप सांगतेस ते आहे. तू म्हणायचीस, "अन् ते बी हाये." पुढं तुझं मन कशानं वळलं ते मला माहीत नाही. तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. समता झाली. तू तिला भर एप्रिलमध्येही पूर्ण बाह्यांचे पातळ सुती कपडे शिवून घालायचीस, दिवसाही मच्छरदाणीत झोपवायचीस. घामोळं आलं की फुंकर मारत बसायचीस.

आणि तिला अडीच वर्षं झाली तशी तू म्हणायला लागलीस, हिचं बी रक्त नेऊन देऊ. इथं आपला खरा वाद झाला. मी साफ नाही म्हटलं. त्यातून तिला काही कळणार नाही, आणि लोकांना मात्र कळेल की हिचं रक्त तपासायला नेलं होतं. उद्या लग्नाच्या वेळी तेच निघेल. पोरीच्या कपाळावर आपल्याच हातानं शिक्का कशाला मारायचा?

तू मशीन थांबवलंस. "शिक्का तर माझ्या कपाळावर बिना तपासताच बसला, ताई."

"म्हणून तिच्यावर बसवायचा?"

"नाई. पण कोण्यातरी घरी, कोण्यातरी डॉक्टरले आधीच समजलं पाहिजे, का हा पोट्टा सांभाळा, याचा ताप उतरला तरी घरी नोका नेऊ. आपल्याले नाई समजलं. कोणाले तरी समजू द्या."

मी म्हटलं, ती मोठी होईल तेव्हा तिचं ती ठरवेल. तू पुन्हा पायडल मारायला लागलीस. तो वाद तिथंच राहिला आहे. मी जिंकले असं कोणी म्हणेल, कारण समोर उत्तर द्यायला तू नाहीस. पण तुझं ते वाक्य मला खोडता आलेलं नाही, आणि माझंही मी सोडलेलं नाही.

या वर्षी तुला ताप आला तेव्हा तू पहिल्याच दिवशी पिशवीत कपडे भरलेस. समताला माझ्याकडे दिलंस आणि रिक्षात बसलीस. दवाखान्यात तू शहाण्यासारखं सगळं केलंस, पाणी प्यालीस, सलाईन लावून घेतलंस, कुठली गोळी घ्यायची नाही ते नर्सलाच सांगितलंस. मग एका सकाळी अंग थंड लागलं. नर्स खूश होऊन म्हणाली, "बुखार उतर गया." तू माझ्याकडे पाहिलंस. "आता सुरू होईल," म्हणालीस. तुझ्या आवाजात भीती नव्हती. ओळख होती.

तुला नागपूरला हलवलं, तिथं प्रज्ञा तुझ्याजवळ बसून होती. ती तिथंच शिकते, कॉलेज बुडवून तीन दिवस हलली नाही. तुझे केस विंचरून तिनं वेणी घातली. ती खाली औषध आणायला गेली तेव्हा तू मला जवळ बोलावलंस. हिरड्यांतून रक्त येत होतं, बोलायला त्रास होत होता.

"ताई, एक सांगाचं राहिलं. प्रज्ञा उठून बसली ना त्या दिवशी, खिचडी मांगली तिनं. तो गेल्यावर मले लय दिवस तिचा राग येऊन राहिला होता. तुमचा नाई. तिचा. माझ्या हातचा भात खाल्लेली पोट्टी, अन् मले तिच्याकडं पाहावत नव्हतं."

मी तुझा हात धरला. तू म्हणालीस, "तिले नोका सांगू."

मला तेव्हा म्हणायचं होतं, की तुझ्या जागी मी असते तर मलाही सम्यकचा असाच राग आला असता. त्याहून जास्त आला असता. तुझ्यासारखं दुसऱ्या दिवशी उठून तिला शाळेचा डबा भरून देणं मला जमलं नसतं. ते शब्द तयार होते. पण प्रज्ञा औषध घेऊन आली, आणि मग मशीनं वाजायला लागली, डॉक्टर आले, आम्हाला बाहेर काढलं. संध्याकाळी तू गेलीस. प्रज्ञाला मी सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

आता परवानंतरचं सांगते.

पाहुणे गेल्यावर मी अंगणात भांडी गोळा करत होते. माय अजून त्याच खुर्चीवर होती. तिनं मला विचारलं, "पोराचं अर्धं बापाकडून येते, असं म्हणाली होतीस ना तू?"

"हो, माय."

"अन् बापाचं?"

"त्याचं अर्धं तुमच्याकडून, अर्धं बाबांकडून."

ती उठून आत गेली. मला वाटलं तिला नीट ऐकू गेलं नाही. आज सकाळी मी उठून पाहते तर ती आंघोळ करून, पांढरं लुगडं नेसून पायरीवर बसलेली. विनोदला म्हणाली, "गाडी सांग. नागपूरले जाचं हाये. तुयं रक्त द्याचं हाये." विनोदनं आत जाऊन शर्ट घातला. समताला प्रज्ञाजवळ ठेवून आम्ही तिघं निघालो. समताला नेलं नाही, सुनंदा. तेवढं मी अजून धरून आहे.

मॅडमचे केस आता कडेनं पिकलेत. तू गेल्याचं त्यांना माहीत होतं. त्यांनी विनोदच्या हातातून रक्त घेतलं, त्याची सही घेतली. तो उठला तशी माय त्या खुर्चीवर बसली आणि तिनं बाही वर केली.

"आजी, तुमचं नाही लागत," मॅडम म्हणाल्या.

"लागत नसंल तरी घ्या."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या स्वतः सुई घेऊन बसल्या. मायची शीर लवकर सापडेना. एकदा चुकली, पुन्हा टोचावं लागलं. तिनं हात हलवला नाही. नळी भरली तेव्हा तिनं विचारलं, "सुनंदाचं हाये का अजून तुमच्याजवळ?"

"आहे ना, आजी. फ्रीजरमध्ये आहे. इतकी वर्षं जपून ठेवलंय."

"मंग माझं तिच्या बाजूले ठेवजा."

मॅडम हो म्हणाल्या. परतताना माय गाडीत झोपली आणि विनोद तुमसरपर्यंत तोंड फिरवून रडत होता. मी दोघांच्या मध्ये बसले होते. हे सगळं तुझ्यासमोर व्हायला पाहिजे होतं.